मागचा कॅमेरा: चित्र आणि त्यावरचा भरवसा

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले. सेन्सर अंतर सांगतो. मागे खांब आहे की खाली बसलेले मूल, हे सांगत नाही. अमेरिकेत वडिलांच्याच गाडीमागे सापडून दोन वर्षांचा मुलगा दगावला. त्याच्या नावाने २००८ साली कायदा झाला आणि मे २०१८ पासून तिथल्या नव्या हलक्या वाहनांना कॅमेरा अनिवार्य झाला. जुन्या गाडीला तो घरीही बसवता येतो. स्क्रीनवर चित्र आणणे सोपे आहे. ते पावसाळ्यातही दर वेळी येईल अशी जोडणी करणे, हे खरे काम.

कॅमेऱ्याची वीज रिव्हर्सच्या दिव्याकडून घ्यावी, म्हणजे गिअर पडताच तो चालू होतो. प्लसची तार रंगावरून ओळखू नये. साध्या गिअरच्या गाडीत इंजिन बंद ठेवून हँडब्रेक ओढावा, चावी फिरवावी आणि मल्टिमीटरने पाहावे: रिव्हर्समध्ये सुमारे १२ व्होल्ट, न्यूट्रलला शून्य. काही नव्या गाड्यांत दिव्याला वीज वेगाने चालू-बंद करत दिली जाते. दिवा स्थिर दिसतो, चित्र मात्र थरथरते; तिथे मधे फिल्टर लागतो. अर्थची तार रंग खरवडलेल्या पत्र्यावर बोल्टखाली आवळून वर ग्रीस लावावे. कोकणातल्या दमट हवेत हे टाळून चालणारच नाही.

सर्वांत जास्त बिघाड होतो तो हॅचबॅकच्या डिक्कीच्या बिजागरीपाशी. दार आणि छत यांना जोडणाऱ्या घडीदार रबरी नळीतून कंपनीच्या तारा जातात. आपली केबलही तिथूनच न्यावी. आधी जाड, ताठ नायलॉन दोरा ओवावा, त्याला केबल टेपने बांधून हळूहळू ओढावी आणि नळीत थोडी सैल सोडावी. ताणलेली केबल दाराच्या उघडझापीने आतल्या आत तुटते. वरचे आवरण शाबूत राहते, म्हणून दोष दिसत नाही. दार उघडले की चित्र येते, मिटले की जाते, असे झाले तर पहिला संशय या नळीवर घ्यावा.

पुढे केबल उंबऱ्याच्या प्लास्टिक पट्टीखालून स्टिरिओपर्यंत जाते. कडेला पडदा एअरबॅग असेल तर केबल तिच्या मागून, कंपनीच्या तारांना बांधूनच खाली उतरवावी. घाईने पुढून नेलेली केबल एअरबॅग उघडताना आड येऊ शकते. याची खात्री नसेल तर एवढा भाग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावा.

चित्र आरशासारखे हवे, गाडीच्या डावीकडची वस्तू स्क्रीनवरही डावीकडे. बऱ्याच कॅमेऱ्यांत तारेचा छोटा लूप कापला की बाजू बदलते. स्क्रीनवरच्या रंगीत रेषा मात्र ठरावीक उंची आणि कल गृहीत धरून आखलेल्या असतात. बंपरपासून अर्धा, एक आणि दोन मीटरवर जमिनीवर खडूने रेघा ओढाव्यात आणि त्या पाहून कॅमेऱ्याचा कल ठरवावा. बंपरची कड चित्रात खाली दिसलीच पाहिजे, कारण रुंद कोनाच्या भिंगातून जवळची वस्तूही लांब भासते. इतके करूनही रेषा जुळत नसतील तर त्या बंद कराव्यात.