बॉइडच्या पलटणी

काशीमिऱ्याच्या नाक्यावरून ठाण्याकडे वळलेला घोडबंदरचा रस्ता ज्या खाडीच्या कडेकडेने जातो, तिच्या पलीकडे वसईचा मुलूख आहे. 1774 अखेर इंग्रजांनी ठाणे घेतले आणि अलीकडची साष्टी कंपनी सरकारच्या अमलाखाली गेली. वसई मात्र सालबाईच्या तहाने पेशव्यांकडे परत आली, आणि 31 डिसेंबर 1802 रोजी तेथेच दुसऱ्या बाजीरावाने जो तहनामा मान्य केला, त्यातील एका कलमान्वये इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्रांच्या गोऱ्यांना पेशव्यांच्या चाकरीत थारा उरला नाही. तैनाती फौजेच्या कलमापुढे हे कलम किरकोळ भासते खरे. परंतु महादजी शिंद्यांनी डी बॉइनकरवी कवायती कंपू उभारल्यापासून भाडोत्री गोऱ्या सेनानींचा जो पेशा मराठी मुलखात फोफावला होता, त्याच्या मुळाशीच ते जाऊन भिडले.

त्या पेशाचा अस्सल नमुना म्हणजे जॉन पार्कर बॉइड हा अमेरिकन. मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीपोर्ट येथे 1764 साली जन्मलेला, 1786 साली तिकडच्या फौजेत एन्साइन झालेला हा तरुण 1789 मध्ये हिंदुस्थानात उतरला, आणि निजाम, पेशवे व होळकर अशा तिन्ही दरबारांची चाकरी करून मोकळा झाला. पाचपाचशे शिपायांच्या तीन पलटणी, मोजके इंग्रज अंमलदार, तोफा, बंदुका, इतकेच काय, हत्तीसुद्धा त्याच्या खाजगी मालकीचे! दरबाराने ठरलेली रक्कम द्यावी आणि बॉइडने लढाईस माणसे पुरवावीत, असा हा रोकडा व्यवहार; दौलतीशी इमान वगैरे गोष्टींना त्यात जागा ती कुठली? अखेरीस हा सारा सरंजाम त्याने फिलोज नामक नेपल्सकराला विकला. याच आडनावाच्या मायकेल फिलोजने सुखरूपपणाची शपथ देऊन 1797 अखेर नाना फडणविसांना कैद केले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या मुत्सद्द्यांनी कोणत्या हातांत तलवारी दिल्या होत्या ते कळते.

स्वदेशी परतल्यावर 1808 साली बॉइड चौथ्या पायदळ पलटणीचा कर्नल झाला, 1811 मध्ये टिपेकॅनूच्या लढाईत तेथील मूलनिवाशांशी लढला, आणि 1813 च्या नोव्हेंबरात क्रायस्लर्स फार्म येथे, संख्याबळ आपल्याकडे असूनही, इंग्रजांकडून पराभूत झाला. पण हिशेबाचा माणूस तो! हिंदुस्थानातून निघालेला त्याचा सोऱ्याचा माल इंग्रजी गलबताने वाटेत पकडला होता, त्याची भरपाई मागण्यास तो इंग्लंड-अमेरिका युद्ध संपल्यावर खुद्द इंग्लंडात जाऊन बसला, आणि तीस हजार डॉलरांचा एक हप्ता पदरात पाडून घेऊनच परतला. 1830 मध्ये बोस्टन बंदरावर त्यास सरकारी हुद्दा मिळाला. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला तो वारला.