तेरणाकाठचे तगर

मराठवाड्याचा इतिहास म्हटला की आपले विद्यार्थी देवगिरीपासून सुरुवात करतात. पण त्याच्याही हजार वर्षे आधी या भागातले एक गाव समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांना नावाने माहीत होते. ते म्हणजे लातूरच्या पश्चिमेचे, तेरणा नदीकाठचे तेर, अर्थात प्राचीन तगर.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची सागरी मार्गदर्शिका लिहिली. लेखकाचे नाव आज कोणालाच ठाऊक नाही. तो सांगतो की भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर. (खरी दिशा आग्नेय आहे, परंतु बंदरावर बसून ऐकीव माहिती लिहिणाऱ्यास एवढी सूट द्यावयास हवी.) तगरहून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल पुष्कळ प्रमाणात येई. पूर्व किनाऱ्याकडचा मालही तेथे जमे. हे सारे गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला नेत. एका खेपेला महिना लागे! बैल आपले, गाडीवान आपले, सूत कातणारे हातही आपलेच. नोंद मात्र परक्याने ठेवली.

पुढे शिलाहार राजे दूर कोकणात व कोल्हापुरात राज्य करीत असतानाही ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने लावीत. मग मात्र जागेचाच विसर पडला. तगर नेमके कोठे, यावर विद्वानांनी जुन्नर, दौलताबाद अशी अनेक नावे सुचविली. 1901 साली फ्लीट यांनी ते तेरच असल्याचे दाखवून दिले.

मलमल काळाने खाल्ली. हस्तिदंत तेवढे टिकले. इटलीतील पाँपेई शहर इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे 1938 मध्ये भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याशी जवळचे साम्य असलेली मूर्ती तेरलाही सापडली आहे. पाँपेईची मूर्ती तेरलाच घडली असे म्हणण्याइतका पुरावा नाही. तरी दोघींची घडण एका परंपरेतली आहे, हे पाहणाऱ्यास कळते.

या वस्तू आपल्याला दिसतात, त्याचे श्रेय मुख्यतः तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांचे. पांढरीच्या मातीत मिळणारे मणी, नाणी, मृण्मूर्ती ते वर्षानुवर्षे जमवीत राहिले. तेरच्या शासकीय संग्रहालयाला त्यांचेच नाव आहे. चाकूरहून सकाळी निघाल्यास ते पाहून संध्याकाळी घरी परतता येते.