‘सही कुठे करू?’

शस्त्र चालवण्याआधी परवानगी घ्यावी, हे सुश्रुतालाही मान्य होते. फक्त ती परवानगी राजाची. मूतखडा काढला तर जीव वाचण्याची खात्री नाही, न काढला तर मरण ठरलेले. तेव्हा आधी राजाला विचारा, असे सुश्रुतसंहिता सांगते. खुद्द रुग्णाला विचारण्याचा मुद्दा इंग्लंडच्या न्यायालयात गाजला तो १७६७ साली. जुळत आलेला पाय दोघा वैद्यांनी न विचारता पुन्हा मोडला होता. आधी विचारणे हा शल्यवैद्यांचा रिवाजच आहे, असे न्यायालयाने त्यांना सुनावले. रिवाज तोंडी होता, कागद पुढे आला.

आपल्याकडे कागदाबरोबर अंगठाही आला. १८५८ मध्ये बंगालात विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने खडीच्या करारावर कंत्राटदाराच्या अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पंजाचा पुढे अंगठा झाला. ‘सही’ हा शब्द अरबी ‘सहीह’वरून आलेला, म्हणजे ‘बरोबर’. काय बरोबर, हे वाचता न येणाऱ्याने कसे ठरवायचे, हा प्रश्न दवाखान्यात आजही पडतो.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत लेखी संमती कोणाची, याची यादी आहे: नवरा किंवा बायको, अज्ञान मूल असेल तर आईबाप, आणि मग ‘किंवा रुग्ण स्वतः’. क्रम बघण्यासारखा आहे! २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उलटा केला. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचे गर्भाशय तिच्या आईच्या सहीवर काढले होते. बाई सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. ती संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही.

तोवर २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने संगणकावरच्या सहीला कागदावरच्या सहीची किंमत दिली होती. टॅबवरच्या फॉर्मचा मोठा गुण, माझ्या मते, कागद वाचतो हा नाहीच. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन ऑपरेशनचे नाव मागाहून भरायची जुनी खोड त्याने अवघड होते: नीट बेतलेला फॉर्म रकाना रिकामा असला तर पुढे सरकत नाही, आणि सहीची वेळ मिनिटासकट नोंदतो. समजावून किती सांगितले, ते मात्र वेळेच्या नोंदीत येत नाही. औषधांच्या चाचण्यांत म्हणूनच २०१३ पासून संमती घेतानाचे चित्रीकरण सक्तीचे झाले. २०१५ मध्ये ती सक्ती ठरावीक चाचण्यांपुरती उरली.

कागदावर सिस्टर पेन्सिलने फुली मारून देत. टॅबवर पिवळी चौकट लुकलुकते. नातेवाईक विचारतात तेच: ‘सही कुठे करू?’