पाषाणाचा अदृश्य शत्रू

पाषाण अमर, अशी आपली समजूत. परंतु धूर त्यालाही झिजवितो. इ. स. १६३२ मध्ये आरंभलेल्या ताजमहालाचा शुभ्र संगमरवर काजळीने व धुळीने पिवळसर झाला. कोळशाच्या धुरातील गंधकयुक्त वायूचे ओलाव्यात आम्ल बनते. त्याने संगमरवरावर जिप्समची ठिसूळ खपली धरते व ती पावसात वाहून जाते. ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या परिसरातील २९२ कारखान्यांना कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरण्याचा, अन्यथा स्थलांतराचा आदेश दिला. मुलतानी मातीच्या लेपाने डाग निघतात. झिजलेली नक्षी परत येत नाही. आपल्या मंदिरांचा काळा पाषाण अधिक टणक खरा, पण दरजांतील चुना संगमरवराच्याच जातीचा आहे. म्हणून जीर्णोद्धार झाला तरी धुरापासून राखण हवीच.