मायेलिनमधील स्फिंगोलिपिडांचे पृथक्करण व कुष्ठरोगातील मज्जातंतूंचे संशोधन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मज्जातंतूवरील मायेलिन आवरणाच्या शुष्क वजनात सुमारे ७० ते ८० टक्के मेदद्रव्ये असतात. गॅलॅक्टोसेरेब्रोसाइड, सल्फाटाइड व स्फिंगोमायेलिन ही त्यांतील प्रमुख स्फिंगोलिपिडे होत. आवरणाची घडण ओळखणे आणि त्याच्या नाशाचे कारण ओळखणे हे दोन भिन्न प्रश्न आहेत, हे प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील कुष्ठरोग-संशोधनाच्या आधारे मांडले आहे.

रासायनिक पृथक्करणाचा विकास :
थुडिकम यांनी मेंदूच्या रसायनावरील आपल्या १८८४ च्या ग्रंथात एका नव्या द्रव्याला, त्याच्या गूढ स्वरूपामुळे, स्फिंक्सवरून ‘स्फिंगोसिन’ हे नाव दिले. त्याची रचना कार्टर व सहकाऱ्यांनी १९४७ मध्ये निश्चित केली. १९५७ मध्ये फोल्च व सहकाऱ्यांनी क्लोरोफॉर्म व मिथेनॉल यांच्या २:१ मिश्रणाने मेद वेगळे करण्याची सुलभ रीत प्रसिद्ध केली. पुढे सिलिका जेलवरील पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने या अर्कातील घटक वेगळे दिसू लागले. मात्र या रीतीत ऊती प्रथम कुटली जाते. त्यामुळे हाती येते ती संपूर्ण मज्जातंतूची सरासरी. इजा नेमकी कोठे झाली, हे त्यातून कळत नाही.

मुंबईतील संशोधन :
कुष्ठरोगात हाच प्रश्न निर्णायक ठरतो, कारण रुग्णाच्या हातापायांतील संवेदना व शक्ती मज्जातंतूंच्या हानीमुळे जाते. शल्यविशारद डॉ. नोशीर अंतिया वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया करीत. परंतु मूळ हानी मज्जातंतूत होती. त्यांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये डॉ. वनजा शेट्टी यांच्यासह या हानीचा अभ्यास झाला. अशा अभ्यासात ऑस्मियम टेट्रॉक्साइडने मेद स्थिर करून एकेक तंतू सुईने विलग करतात. त्यामुळे आवरण कोणत्या भागात नष्ट झाले ते दिसते. अक्षतंतू आधी रोडावतो व आवरणाचा नाश त्यामागून होतो, असे चित्र शेट्टी व अंतिया यांच्या १९८८ च्या शोधनिबंधात पुढे आले. याउलट, रोगप्रतिकारक पेशी नसतानाही कुष्ठजंतू आवरणाचा नाश घडवू शकतात, असे रंबुक्कना व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रयोगाने दाखविले. दोन्ही प्रक्रियांत आवरणातील स्फिंगोलिपिडे नष्ट होतात. म्हणून केवळ त्यांच्या घटलेल्या प्रमाणावरून कारण ठरविता येत नाही.

समारोप :
भारताने डिसेंबर २००५ मध्ये सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. परंतु नवे रुग्ण आजही आढळतात. एकदा गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही, म्हणून हानीचा क्रम लवकर ओळखणे अगत्याचे आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांत रसायनशास्त्र व प्राणिशास्त्र हे विभाग एकाच इमारतीत असूनही अनेकदा स्वतंत्रपणे शिकविले जातात. क्रोमॅटोग्राफीची पट्टी शिकविताना सूक्ष्मदर्शकाखालील तंतूही दाखविला, तर ‘काय आहे’ याबरोबरच ‘कोठे व कशाने’ हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागेल. या इतिहासाचा खरा बोध हाच होय.