पाखरासारख्यासारखा

‘ऑर्निथोमिमॉइडिस’ हे लांबलचक नाव फोडलं की तीन ग्रीक तुकडे निघतात. ऑर्निस म्हणजे पक्षी, मिमोस म्हणजे नकल्या, ऑइडिस म्हणजे सारखा. जबलपूरच्या बडा सिमला टेकडीत सापडलेल्या मोजक्या मणक्यांवरून ह्यूने आणि मॅटली या संशोधकांनी १९३३ साली या लहानखुऱ्या मांसाहारी डायनासोरचं हे बारसं केलं. ना कवटी, ना पाय! पुढच्या अभ्यासकांनी त्याला पक्षीनकल्यांच्या कुळातून काढून अबेलिसॉर या मांसाहारी डायनासोरांच्या गोतावळ्याजवळ बसवलं. नाव मात्र तेच राहिलं. मला ते आवडतं, कारण त्यातला ‘सारखा’ फार प्रामाणिक आहे.

महाराष्ट्रातल्या अजिंक्यतारा किंवा दंडोबाच्या डोंगरात मात्र असा मणका शोधू नये. तो काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. हाडं जपणारा गाळ नव्हे.