मिनिटकाटा उशिरा आला

साडेतीन वाजता घड्याळाच्या दोन काट्यांमध्ये किती अंशांचा कोन असतो, असा प्रश्न वर्गात विचारला की पुष्कळ विद्यार्थी ९० अंश असे उत्तर देतात. एक काटा तीनवर, दुसरा सहावर, म्हणजे काटकोन! बरोबर उत्तर मात्र ७५ अंश आहे. साडेतीनला तासकाटा तीनवर नसतोच. तो तीन आणि चार यांच्या बरोबर मध्ये असतो. विद्यार्थी जे विसरतात ते घड्याळाच्या इतिहासात ठळकपणे दिसते.

६० च्या पटीत मोजण्याची पद्धत बॅबिलोनियातून आली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने अंशाचे ६० भाग आणि त्या प्रत्येक भागाचे पुन्हा ६० भाग करून खगोलगणित मांडले. लॅटिनमध्ये त्यांना ‘पहिले लहान भाग’ व ‘दुसरे लहान भाग’ म्हणत. त्यातूनच मिनिट व सेकंद हे शब्द आले. म्हणजे मिनिट हे आधी कोनाचे माप होते, वेळेचे नंतर झाले.

आपल्याकडेही हे नाते दिसते. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या ‘आर्यभटीया’त काळाचे व वर्तुळाचे विभाग एकाच धर्तीवर केले आहेत. जशा अंशाच्या ६० कला, तशा दिवसाच्या ६० घटका. एका घटकेत, म्हणजे २४ मिनिटांत, आकाश सुमारे ६ अंश फिरते. मिनिटकाटाही एका मिनिटात ६ अंशच सरकतो. दोन्हीकडे ३६० ला ६० नेच भागलेले आहे.

युरोपात यांत्रिक घड्याळे तेराव्या शतकाच्या अखेरीस तयार होऊ लागली. तबकडी असलीच तर तिच्यावर बहुधा एकच काटा असे, तासाचा. ही घड्याळे दिवसाला पाव तास सहज चुकत. मग मिनिटे दाखवून उपयोग काय? १६५६ साली हॉलंडच्या हायगेन्सने घड्याळाला लंबक जोडला आणि ही चूक दिवसाला एका मिनिटाच्याही आत आली. त्यानंतरच मिनिटकाटा सर्रास दिसू लागला.

एककाटी घड्याळावर लोक सव्वातीन किंवा साडेतीन कसे ओळखत? तासकाट्याच्या जागेवरून! तो तासाला ३० अंश, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश सरकतो. तीनच्या पुढे साडेसात अंश गेला की सव्वातीन, पंधरा अंश गेला की साडेतीन. मिनिटकाटा आल्यावर हे वाचन मागे पडले, पण काट्याची गती तीच राहिली.

आता गणित सोपे होते. मिनिटकाटा दर मिनिटाला तासकाट्यापेक्षा साडेपाच अंश जास्त चालतो. तीन वाजता तो ९० अंश मागे असतो. ३० मिनिटांत तो १६५ अंश भरून काढतो. म्हणून ७५ अंश पुढे जातो. उत्तर १८० पेक्षा मोठे आले, तर ते ३६० मधून वजा करावे.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. भिंतीवरच्या घड्याळाच्या मिनिटकाट्याला कागदाने झाका आणि फक्त तासकाटा पाहून वेळ सांगायला लावा. मग पुस्तकांतील घड्याळांची चित्रे तपासायला द्या. एक काटा नेमका तीनवर व दुसरा नेमका सहावर असलेले चित्र सापडले, तर ते कोणत्याच वेळेचे नाही, हे विद्यार्थीच सांगतील. छापलेली गोष्टही तपासून घ्यावी, हा धडा त्यांना आपोआप मिळेल.